पहिला वाफा मृगात की तुळशीच्या लग्नाच्या सुमारास?

गोव्यात घराच्या परसात प्रथमच भाजी लावू पाहणाऱ्याला शेजारीपाजारी सहसा दोन मुहूर्त सुचवतात. एक मृगाचा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो तेव्हाचा. दुसरा तुळशीच्या लग्नाच्या सुमाराचा, जेव्हा पाऊस सरलेला असतो, जमिनीत थोडी ओल उरलेली असते आणि पहाटे दव पडू लागते. सल्ले दोन्ही खरे आहेत. मात्र दोन्ही हंगामांतली कामे, पिके आणि नुकसानीची कारणे इतकी निराळी आहेत की आपल्याकडे पाणी किती, वेळ किती आणि कोणती भाजी हवी, हे पाहिल्याशिवाय त्यांतला एक निवडू नये.

प्रथम पाण्याचा हिशेब. गोव्यात वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे मृगात लावलेल्या भाजीला पाणी घालण्याचे काम जवळजवळ नसते, आणि विहीर नसलेल्या घराला हा फार मोठा दिलासा आहे. याउलट हिवाळी वाफ्याला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी धरावे लागते. दहा चौरस मीटरचा लहानसा वाफा असला तरी रोज तीन बादल्या झाल्या, आणि त्या फेब्रुवारीपर्यंत न चुकता घालायच्या. पेंढ्याचे किंवा माडाच्या झावळ्या बारीक तोडून त्यांचे आच्छादन केले, तर हा भार बराच हलका होतो. तरीही ज्यांचा नळ दिवसाआड येतो किंवा जे दर शनिवार-रविवार गावाबाहेर असतात, त्यांनी हिवाळ्याच्या मोहात पडण्यापूर्वी विचार करावा.

पाणी फुकट मिळते म्हणून पावसाळा सोपा, असे मात्र नाही. आपली बहुतेक परसे जांभ्या दगडाच्या, आम्ल मातीची आहेत. मुसळधार सरींत वरचा कसदार थर वाहून जातो, नाजूक बी एक तर उघडे पडते किंवा चिखलात गाडले जाते, आणि आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले राहिल्याने रोपे उन्हासाठी ताणून बारीक होतात. म्हणून पावसाळी वाफा जमिनीपासून वीतभर तरी उंच असावा, दोन वाफ्यांमधून पाणी निघून जाण्यास चर असावा आणि हे सारे मे महिन्यातच तयार असावे. जूनच्या मध्यावर भिजत कुदळ हाती घेणाऱ्याच्या वाट्याला चिखलाखेरीज फारसे काही येत नाही.

पिकांच्या बाबतीत माझा पहिला अनुभव सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी मी मृगाच्या सरींबरोबर टोमॅटोची पंधरा रोपे लावली. जुलैत ती गुडघाभर उंच आणि हिरवीगार होती. मग एका दुपारी त्यांतली दोन, पाने हिरवी असतानाच, मान टाकून उभी दिसली. पाणी कमी पडले म्हणावे तर बाहेर पाऊस धो धो चालू होता. एका जाणत्या शेजाऱ्याने रोप उपटून खोडाचा बोटभर तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात अर्धवट बुडवून धरला. मिनिटा-दोन मिनिटांत कापाच्या जागेतून दुधाच्या धाग्यासारखा पांढरट स्राव खाली उतरू लागला. हा जिवाणूजन्य मर रोग. तो मातीतच असतो, ऊब आणि ओल मिळाली की वांगी, टोमॅटो, मिरची या एकाच कुळातल्या पिकांना धरतो, आणि एकदा धरल्यावर त्यावर औषध नाही. ऑगस्ट लागेपर्यंत पंधरापैकी दोन रोपे उरली. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने हा रोग सोसणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत आणि बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची ‘अर्का रक्षक’ ही टोमॅटोची जातही त्यास तोंड देते. नवख्याने वांगी-टोमॅटो लावायचेच असतील तर अशाच जातींची रोपे मागावीत, आणि तीही पाऊस गेल्यावर.

पावसाळा खरा वेलांचा. दोडकी, पडवळ, कारली, तवशें (काकडी), भोपळा यांना आपला पाऊस मानवतो. मेच्या अखेरीस शेणखत भरलेल्या आळ्यात दोन-तीन बिया टोचाव्यात, वर मजबूत मांडव घालावा आणि वेल त्यावर चढेपर्यंत तेवढे लक्ष द्यावे. दोडकी साधारण दोन महिन्यांत धरू लागतात, म्हणजे चतुर्थीच्या माटोळीला, गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीला, बांधायला घरचे फळ मिळते. माटोळीत पावसाळी फळभाज्यांना इतका मान आहे, तो काही उगीच नाही. भेंडीही याच हंगामात सुखाने येते आणि पेरल्यापासून सात आठवड्यांत ताटात पडते. वेलांचा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते आणि वरून धड दिसणारे तवशें कापल्यावर आत अळ्या निघतात. फळ बोटभर असतानाच त्याला कागदी पिशवी बांधणे हा घरगुती बागेला पुरणारा उपाय आहे. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचणे हेही पावसाळी कामांतच धरावे. ज्यांना त्यांची किळस येते, त्यांनी हा मुद्दा हलका लेखू नये.

हिवाळ्यात चूक सुधारायला वेळ मिळतो, आणि माझ्या मते नवशिक्याला याचे मोल पाण्यापेक्षाही अधिक असावे. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, चिमूटभर बी मूठभर वाळूत मिसळून विस्कटली की पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येते. ती दाट झाली, वाकडी आली, अर्धी उगवलीच नाही, तरी महिन्याभरात पुन्हा पेरता येते आणि फेब्रुवारीपर्यंत असे तीन-चार फेरे सहज होतात. मुळा, अळसांदे (चवळी), नवलकोल, मिरची याच दिवसांतली. फ्लॉवरचे बी मात्र पाकिटावरील चित्राला भुलून घेऊ नये. आपली थंडी म्हणजे रात्रीचे 20 अंश, आणि त्यात नवख्याच्या हाती चांगला गड्डा क्वचितच लागतो. हिवाळ्यात मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) यांचा त्रास असतो, पण पाने कोरडी असल्याने तो लवकर नजरेस येतो. भात कापून झाल्यावर मोकाट फिरणारी गुरे हा त्याहून मोठा धोका. पक्के कुंपण हवेच, आणि हिवाळी बागेच्या खर्चात बहुधा तेच सर्वांत जड पडते.

मातीची आम्लता दोन्ही हंगामांत सारखीच आड येते. लागवडीच्या दोन आठवडे आधी चौरस मीटरला 200 ते 300 ग्रॅम चुना मिसळणे आणि नंतर भरपूर शेणखत घालणे, एवढे कुठल्याही मुहूर्तावर केलेच पाहिजे. फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्या ठेवणाऱ्यांसाठी तर फारशी तुलना उरत नाही. पावसाळ्यात तेथे ऊन नसते आणि झड आली की कुंड्या तुडुंब भरतात, म्हणून त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावे.

ज्यांच्या दाराशी मार्चपर्यंत न आटणारे पाणी आहे आणि ज्यांना रोज अर्धा तास देणे शक्य आहे, त्यांनी हिवाळा निवडावा आणि पहिल्या वर्षी एक मीटर रुंद, चार मीटर लांब अशा एकाच वाफ्यावर थांबावे. ज्यांच्याकडे पाणी बेताचे पण परस ऐसपैस आहे, त्यांनी पावसाळा घ्यावा, पण मे महिन्यात मांडव उभा करता येत असेल तरच; लावावेत फक्त दोन वेल आणि भेंडीची एक ओळ. जूनच्या अखेरीस हा लेख वाचणाऱ्याने या वर्षी आळी खणूच नयेत. पावसाच्या उघडिपीत पालापाचोळा आणि शेण एका कोपऱ्यात रचून झाकून ठेवावे. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचे खत वापरण्याजोगे होते.