एएस 355 ट्विन स्क्विरल : बातम्यांच्या कामासाठी अजूनही घ्यावं का?

युरोपातल्या मोठ्या शहरावरून थेट चित्रण करायचं तर कॅमेऱ्याआधी इंजिनांचा प्रश्न येतो. लंडनच्या मध्यभागावर एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरला आखून दिलेल्या मार्गांवरूनच जावं लागतं. त्यातला एच-4 थेम्स नदी धरून जातो. बातमी नदीपासून दोन किलोमीटर आत असेल तर एका इंजिनाचं एएस 350 तिथे पोचत नाही. जवळपास त्याच सांगाड्यावर दोन इंजिनं बसवलेलं एएस 355 ब्रिटिश वृत्तवाहिन्यांना सोयीचं ठरलं, ते यामुळेच.

आवृत्ती निवडताना एन किंवा एनपीच घ्यावी. एफ1 आणि एफ2 मधल्या ॲलिसन इंजिनांऐवजी त्यांत आरियस इंजिनं असून इंधन संगणक नियंत्रित करतो. त्यामुळे घिरट्या घालताना दोन्ही इंजिनांचा टॉर्क (पाती फिरवण्याचा जोर) जुळवत बसण्याचं काम वैमानिकावर पडत नाही. टाक्यांत 730 लिटर इंधन मावतं आणि तासाला दोनशेहून अधिक लिटर जळतं.

दुसरं इंजिन आहे म्हणून हवेत एका जागी थांबायला हरकत नाही, हा समज मात्र धोक्याचा. तिघे माणसं, कॅमेरा आणि भरपूर इंधन असताना एक इंजिन बंद पडलं, तर हे हेलिकॉप्टर पुढे उडत राहू शकतं, स्थिर थांबू शकत नाही. म्हणून 50 ते 60 नॉटने (ताशी सुमारे 90 ते 110 किलोमीटर) गोल फिरत राहावं. दाट वस्तीवर 600 मीटर त्रिज्येतल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा 300 मीटर वर राहण्याचा युरोपीय नियम आहे. आजचे लांब पल्ल्याचे लेन्स तेवढ्या उंचीवरून चित्र सहज देतात.

वैमानिक उजवीकडे बसतो, म्हणून फेरीही बहुधा उजवीच. खरी गफलत वारा पाठीशी असताना होते: जमीन वेगाने सरकताना दिसते, वैमानिक वेग कमी करतो आणि हवेतला वेग नकळत फारच खाली येतो. या फ्रेंच हेलिकॉप्टरची पाती वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे इतक्या कमी वेगात शेपटीचा पंखा अपुरा पडला की नाक अचानक डावीकडे वळतं. अशा वेळी उजवं पेडल बिनदिक्कत पूर्ण दाबून धरायचं आणि वेग वाढवायचा. ईसी 135 या दुसऱ्या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरची पाती उलट फिरतात. दोन्ही उडवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तीन पात्यांमुळे सेकंदाला सुमारे 20 धक्के बसतात. जायरोने स्थिर ठेवलेला कॅमेरा कोनातली हालचाल सावरतो, वर-खाली हादरणं नाही. लांब लेन्सवर बारीक थरथर दिसली तर आधी माउंटची, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या चौकटीची, रबरं तपासा, मग पात्यांचं संतुलन. नाकावरच्या माउंटने गुरुत्वमध्य पुढे सरकतो, म्हणून हिशेब भरल्या आणि जवळपास रिकाम्या टाकीचा, असा दोन्ही वेळचा करावा.

चित्र खाली पाठवणारी मायक्रोवेव्ह लिंक हा सर्वांत दुर्लक्षित भाग. 300 मीटर उंचीवरून सपाट प्रदेशात रेडिओ लहरींचं क्षितिज साधारण 70 किलोमीटरवर असतं. अंतराची अडचण सहसा येत नाही, आड येतं ते हेलिकॉप्टरच. पोटाखाली एकच अँटेना असेल तर वळताना स्किड (उतरण्यासाठीच्या खालच्या दांड्या) आणि सांगाडा मध्ये येतात. प्रत्येक फेरीत चित्र त्याच दिशेला तुटत असेल तर दोष अँटेनाच्या जागेचा. कधीही, कुठेही तुटत असेल तर केबल आणि कनेक्टर पाहावेत. दोन अँटेना आणि आपोआप बदलणारा स्विच, हा खर्च टाळू नये. मोबाइल सिमवरची लिंक केवळ राखीव ठेवावी: टॉवरच्या अँटेना जमिनीकडे झुकलेल्या असतात आणि वरून एकाच वेळी अनेक टॉवर दिसल्याने जोडणी सतत उड्या मारते.

रात्रीची उड्डाणं जास्त असतील तर आमची पसंती ईसी 135 ला. शेपटीचा पंखा आवरणात असल्याने आवाज कमी, आणि मागच्या दुपाखी दारातून उपकरणांचे रॅक सहज काढता-घालता येतात. दिवसाच्या कामाला एन चालेल. फक्त जुनं घेताना दोन्ही इंजिनांची शक्ती एकत्र करणाऱ्या गिअरबॉक्सच्या चिप डिटेक्टरच्या (तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या यंत्राच्या) नोंदी मागून घ्या. त्या अपुऱ्या असतील तर सौदा सोडा.