कॉपी-पेस्ट, स्वतःचं मॉड्यूल की आयती लायब्ररी?

पायथॉन शिकायला लागून थोडे दिवस झाले की हा टप्पा हमखास येतो. फोल्डरमध्ये पाच-सहा फाइली जमलेल्या असतात आणि त्यांतल्या तीन फाइलींत तोच तुकडा थोड्याफार फरकाने पडलेला असतो. समजा, तुम्ही सोसायटीचं काम अंगावर घेतलंय. एक फाइल मेंटेनन्सची पावती काढते, दुसरी थकबाकीदारांची यादी, तिसरी वार्षिक सभेसाठी जमाखर्च. तिघींनाही एक गोष्ट हवी असते: १२३४५६७ हा आकडा कागदावर १२,३४,५६७ असा उमटला पाहिजे.

पायथॉनला नुसतं ‘स्वल्पविराम घाल’ म्हटलं तर तो १,२३४,५६७ छापतो, म्हणजे मिलियनचा हिशोब. सभेत असा कागद वाटला तर पहिला प्रश्न त्यावरच येणार. तेव्हा लाख-कोटींसाठी काहीतरी करावं लागतं, आणि ते तीन प्रकारे करता येतं. एकदा लिहिलेला तुकडा दर फाइलीत चिकटवायचा, तो वेगळ्या फाइलीत काढून स्वतःचं मॉड्यूल करायचं, किंवा कुणीतरी आधीच लिहिलेली लायब्ररी पिपने (पायथॉनची पॅकेजं उतरवणारं साधन) उतरवून घ्यायची. तिन्हींची तुलना याच एका उदाहरणावर करू.

कॉपी-पेस्ट: वाटते तितकी वाईट नाही

क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात ‘कोड रिपीट करू नका’ असं बजावतात, त्यामुळे नवशिक्याला कॉपी-पेस्ट करताना चोरी केल्यासारखं वाटतं. तसं वाटून घ्यायचं कारण नाही. तुकडा दोनच ठिकाणी असेल, तर चिकटवलेला कोड वाचायला सोपा असतो, दुसरी फाइल उघडावी लागत नाही, आणि एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे काही मोडत नाही. गो ही भाषा घडवणाऱ्यांपैकी रॉब पाइक यांनी तर २०१५ मध्ये स्पष्टच म्हटलं होतं की थोडं परावलंबन पत्करण्यापेक्षा थोडी नक्कल बरी. डॉन रॉबर्ट्स यांच्या नावावर असलेला ‘तीनचा नियम’ही याच अंगाने जातो: पहिल्यांदा लिहा, दुसऱ्यांदा नाक मुरडून पुन्हा लिहा, तिसऱ्यांदा मात्र वेगळं काढा.

आपला तुकडा आता जवळून बघा. रीत साधी आहे. आकड्याची स्ट्रिंग करायची, शेवटची तीन अक्षरं बाजूला काढायची, उरलेल्याचे मागून दोन-दोनचे गट पाडायचे आणि सगळं स्वल्पविरामाने जोडायचं. १२३४५६७ ला हे बरोबर चालतं. १००००० चं १,००,००० होतं. पण ९९९ दिलं की उरलेला भाग रिकामा असतो, आणि ते तपासलं नसेल तर ‘,९९९’ छापलं जातं. एखाद्या सभासदाने जास्तीचे पैसे भरले आणि बाकी उणे ५०० निघाली, तर वजाचं चिन्हही एक अक्षरच असल्यामुळे कागदावर ‘-,५००’ येतं. १२३४.५ दिलं तर शेवटची तीन अक्षरं ‘४.५’ निघतात आणि उत्तर येतं ‘१,२३,४.५’.

कॉपी-पेस्टची खरी किंमत इथे कळते. पावतीच्या फाइलीत उणे रक्कम येतच नाही, त्यामुळे तिथे चूक दिसत नाही. थकबाकीच्या यादीत ती दिसते, तुम्ही तिथे दुरुस्त करता आणि जमाखर्चाची फाइल तशीच राहते. महिन्याभराने तिन्ही तुकडे एकमेकांसारखे दिसतात, पण वागतात वेगळे. कुठला बरोबर हे ठरवायला तिन्ही उघडून ओळीला ओळ लावून बघावी लागते.

स्वतःचं मॉड्यूल: नवशिक्याने इथेच जास्त रेंगाळावं

पायथॉनमध्ये मॉड्यूल म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. ‘पीवाय’ शेपटीची कुठलीही फाइल हे मॉड्यूलच असतं. ‘रुपये’ नावाच्या फाइलीत फंक्शन ठेवा, त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलीतून इम्पोर्ट करा, झालं. स्क्रिप्ट चालते तेव्हा पायथॉन आधी तिच्याच फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून वेगळी काही मांडणी लागत नाही.

अवघड भाग दुसरीकडेच आहे. नवशिक्यांचं फंक्शन सहसा सगळं एकटंच करतं: आत इनपुट मागतं, हिशोब करतं आणि शेवटी प्रिंट करतं. अशा फंक्शनला वेगळ्या फाइलीत हलवून उपयोग नसतो. थकबाकीच्या यादीला रक्कम कीबोर्डवरून नको असते, ती एक्सेलमधून येते. जमाखर्चाला पडद्यावर छापणं नको असतं, ते पीडीएफमध्ये घालायचं असतं. माझ्या मते पुन्हा वापरता येणारा कोड लिहायला शिकणं म्हणजे मुख्यतः एवढंच: लागतं ते पॅरामीटरमधून घ्यायचं, निघतं ते रिटर्न करायचं आणि प्रिंट-इनपुट बाहेर ठेवायचं. क्लास, इनहेरिटन्स, डेकोरेटर हे सगळं नंतर आलं तरी काही बिघडत नाही.

त्याला जोडूनच एक गोष्ट. आकडा घेऊन स्वल्पविरामवाली स्ट्रिंग परत देणारं फंक्शन फक्त दाखवण्यासाठी. व्याज, बेरीज, उरलेली बाकी ही सगळी कामं आकड्यांवरच व्हायला हवीत. ‘१२,३४,५६७’ या स्ट्रिंगची बेरीज करायला गेलात तर अडकलातच. त्यामुळे व्याजाचं फंक्शन वेगळं आणि छापण्याचं वेगळं. रक्कम फ्लोटमध्येही (पायथॉनचा नेहमीचा दशांशाचा आकडा) ठेवू नका. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारून बघा, नेमकं ०.३ येत नाही. पायथॉनचं डेसिमल मॉड्यूल वापरा किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा.

कशाला वेगळं काढायचं आणि कशाला नाही, याचं चांगलं माप संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच देऊन ठेवलंय: पुढे बदलण्याची शक्यता असलेला निर्णय एका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवा. सोसायटीत हे फार सोपं आहे. थकबाकीवरचा व्याजदर सर्वसाधारण सभा बदलू शकते, म्हणून व्याज काढण्याचं काम एका जागी हवं. पावतीच्या वर सोसायटीचं नाव कुठल्या अक्षरात यावं, हे एकाच फाइलीला लागतं, ते आहे तिथेच राहू द्या.

या वाटेवरचे खड्डे ठरलेले आहेत. फाइलीला रँडम, सीएसव्ही किंवा ईमेल अशी नावं देऊ नका. पायथॉनच्या स्वतःच्या मॉड्यूलांचीही हीच नावं आहेत. आधी तुमच्याच फोल्डरमध्ये शोध होत असल्याने तुमची फाइल मधे येते आणि ‘अमुक अॅट्रिब्यूट नाही’ अशी न कळणारी एरर मिळते. दुसरं, इम्पोर्ट केल्यावर फाइलीतला उघडा, म्हणजे फंक्शनबाहेरचा, कोड चालतोच. पावतीच्या फाइलीतून एखादं फंक्शन उसनं घ्यायला जावं आणि सगळ्या पावत्या छापल्या जाव्यात, हे त्यामुळेच होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं ‘नेम’ आणि ‘मेन’ची ती चमत्कारिक दिसणारी इफ अट यासाठीच असते. तिसरा खड्डा ज्युपिटर नोटबुकमध्ये कोड लिहिणाऱ्यांचा: मॉड्यूल एकदाच वाचलं जातं आणि नंतर मेमरीतलंच वापरलं जातं, म्हणून फाइलीत केलेली दुरुस्ती दिसत नाही. कर्नल रीस्टार्ट केला की दिसते.

एक शेवटचं काम अगदी लहान, पण ते करा. मॉड्यूलच्या खाली त्याच इफ अटीच्या आत चार-पाच असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे नसेल तर एरर देणाऱ्या ओळी) ठेवा: ९९९, उणे ५००, शून्य, १०००००, १२३४.५. फाइल थेट चालवली की तपासणी होते, इम्पोर्ट केली की होत नाही.

आयती लायब्ररी

याच कामासाठी पायथॉनमध्ये बेबल नावाची लायब्ररी आहे. तिला इंग्रजी-भारत हा लोकेल (भाषा आणि देशाची खूण) दिला की लाख-कोटींचे गट बरोबर पडतात. मराठी-भारत दिलात तरी अंक मात्र आपोआप देवनागरी होत नाहीत. उणे, दशांश, शून्य या सगळ्याचा विचार इतरांनी आधीच केलेला आहे, आणि तो तुमच्यापेक्षा बारकाईने. (जावास्क्रिप्टच्या जगात बेबल नावाचं दुसरंच साधन आहे, इंटरनेटवर शोधताना गोंधळू नका.) पायथॉनच्या आतही लोकेल मॉड्यूल आहे, पण त्याची मदार ऑपरेटिंग सिस्टिमवर असते. एका मशीनवर चालणारी सेटिंग दुसऱ्यावर नसू शकते, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या विंडोज पीसीसाठी मी ते सुचवणार नाही.

जावास्क्रिप्ट शिकत असाल तर हा प्रश्न जवळपास मिटतोच. ब्राउझरमध्ये आकडा लोकेलप्रमाणे छापायची सोय आधीपासून आहे, इंग्रजी-भारत सांगितलं की १२,३४,५६७ मिळतं. म्हणजे मॉड्यूल लिहिण्याआधी भाषेच्या पोटातच ते आहे का, हे बघणं पहिलं. बाकी जावास्क्रिप्टचे इम्पोर्ट-एक्स्पोर्ट २०१५ च्या मानकात आले. फक्त एचटीएमएल फाइल डबल-क्लिक करून उघडली तर ब्राउझर मॉड्यूल उचलत नाही, लहानसा लोकल सर्व्हर चालवावा लागतो. नवशिके इथे तासन्‌तास अडकतात.

लायब्ररीची दुसरी बाजू बघायची तर मार्च २०१६ आठवावा. एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांचं भांडार) लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज होतं, स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरण्यापुरतं. पॅकेजच्या नावावरून झालेल्या एका वादात लेखकाने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली, आणि या ११ ओळींवर आडून-आडून उभे असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनात. एनपीएमने काही तासांत ते परत आणलं, पण धडा राहिला. तुम्ही एक लायब्ररी घेता तेव्हा तिच्या खालच्या सगळ्या घेता. शिवाय पिपला नाव सांगताना एक अक्षर चुकलं, तर प्रसिद्ध पॅकेजशी मिळतंजुळतं नाव लावून कुणी मुद्दाम ठेवलेला वाईट कोड मशीनवर येऊ शकतो. पिप जिथून पॅकेजं आणतो त्या पायपीआय भांडारावर असे प्रकार घडलेले आहेत.

तिन्ही शेजारी-शेजारी ठेवले तर असं दिसतं:

| | कॉपी-पेस्ट | स्वतःचं मॉड्यूल | लायब्ररी |
|---|---|---|---|
| सुरुवात | लगेच | एखादी संध्याकाळ | पिप चाललं तर लगेच |
| चूक सापडली तर | प्रत्येक फाइलीत दुरुस्ती | एकाच जागी | नवी आवृत्ती येईपर्यंत थांबा |
| दुसऱ्या मशीनवर | फाइल नेली की झालं | दोन फाइली न्याव्या लागतात | तिथेही इन्स्टॉल करावं लागतं |
| शिकायला मिळतं | फारसं नाही | सगळ्यात जास्त | दुसऱ्याचं डॉक्युमेंटेशन वाचायला |

यातली ‘दोन फाइली’ची ओळ दिसते तितकी निरुपद्रवी नाही. मॉड्यूल एका फोल्डरमध्ये आणि नवं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये असलं की मॉड्यूलची फाइलच कॉपी करायचा मोह होतो, आणि आपण पुन्हा पहिल्या वाटेवर. तेव्हा त्याचं पॅकेज करून पिपच्या एडिटेबल पद्धतीने इन्स्टॉल करता येतं. त्यासाठी पायप्रोजेक्ट नावाची एक लहान टॉमल फाइल लागते आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची (दर कामासाठी लायब्ररींची वेगळी जागा) ओळख हवी. पहिल्या सहा महिन्यांत याच्या नादी लागू नये, असं माझं मत. तोवर एकमेकांशी संबंध असलेल्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरमध्ये ठेवणं पुरतं.

हल्ली चौथी वाटही आहे: दरवेळी एआयला सांगून तुकडा नव्याने लिहून घ्यायचा. ही कॉपी-पेस्टच, फक्त मूळ प्रत दरवेळी वेगळी. सोमवारी मिळालेलं फंक्शन उणे रक्कम सांभाळतं, गुरुवारचं सांभाळेलच असं नाही, आणि दोन्ही दिसायला तितकीच नीटनेटकी असतात. एआयचा उपयोग करायचाच तर आपलं मॉड्यूल त्याच्यापुढे ठेवून ‘हे कुठल्या इनपुटला मोडेल?’ असं विचारण्यात आहे.

मग घ्यायचं काय? तारखा, टाइमझोन, पासवर्ड, एक्सेलच्या फाइली वाचणं, पीडीएफ बनवणं: इथे स्वतःचं लिहायच्या फंदात पडू नका, नावाजलेली लायब्ररी घ्या. पासवर्डच्या बाबतीत तर हौस म्हणूनही नको. एकदाच लागणारी, काम झाल्यावर फेकून द्यायची स्क्रिप्ट असेल तर खुशाल चिकटवा. पण व्याज कसं काढायचं, कुणाला थकबाकीदार म्हणायचं, पावती क्रमांक कसा पाडायचा, हे नियम फक्त तुमच्या सोसायटीचे आहेत. ते पायपीआयवर मिळणार नाहीत आणि सभेगणिक बदलतील. त्यांचं मॉड्यूल तुम्हालाच करायचंय.

आकडा छापण्याचं काम या दोन्हींच्या मधलं आहे. उद्या कागद सभेत वाटायचा असेल तर बेबल उतरवा. हातात एखादा रविवार मोकळा असेल तर स्वतः लिहा, ‘-,५००’ एकदा पडद्यावर येऊ द्या, ते दुरुस्त करा, आणि मग तीच इनपुटं बेबललाही देऊन दोघांची उत्तरं ताडून पाहा.