टेनिससाठीची सप्लिमेंट्स: ऑक्टोबर हीटपासून मेअखेरपर्यंतचा अनुभव

आधी माझी पातळी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. वय पंचेचाळिशीच्या पुढे, ठाण्यात क्लब टेनिस, आठवड्यातून तीन-चार सकाळी, त्यातही डबल्सपेक्षा सिंगल्स जास्त. या काळात नियमित घेतलं ते ओआरएस, क्रिएटिन (स्नायूंना झटक्याच्या ताकदीसाठी), बीसीएए (प्रथिनांतली तीन अमिनो आम्लं) आणि मॅग्नेशियम. व्हे (दुधापासूनचं) प्रोटीन अधूनमधून.

यात सगळ्यात कामी आला तो मेडिकलमधला ओआरएसचा पुडा. सर्वात स्वस्तही तोच.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. खेळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करून बघा. दीड तासाच्या सिंगल्सनंतर, मध्ये पाणी पिऊनसुद्धा, माझं किलोभर वजन उतरलेलं असतं. लिटरभर घामातून साधारण अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं आणि माणसागणिक त्यात बराच फरक असतो. वाळलेल्या काळ्या टोपीवर ज्यांच्या पांढरे पट्टे उमटतात, त्या खाऱ्या मंडळींत मी आहे. आमच्यासारख्यांनी दोन तास नुसतं पाणी ढोसलं तर पोट डुबडुबतं, पण पाय जड ते जडच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रानुसार लिटरचा पुडा 20.5 ग्रॅमचा असतो. त्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. अख्खा पुडा लिटरभर पाण्यातच घालायचा, 'जरा कडक' करायला जायचं नाही. हा पुडा आणि नावात 'ओआरएस' मिरवणारी गोड टेट्रापॅक पेयं यांत जमीन-अस्मानाचा फरक. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावायला मनाई केली, हे फार बरं झालं. रक्तदाब असेल तर मात्र एवढं मीठ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ओआरएसची खरी उणीव ऊर्जेची. जुलाबासाठी बनवलेली गोष्ट ती, तिच्यात साखर बेताचीच. लांब मॅचमध्ये तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, ती वेगळी खावी लागतात. चेंजओव्हरला, म्हणजे कोर्टाची बाजू बदलताना, 90 सेकंद मिळतात. शेंगदाण्याची चिक्की चावण्यातच ते संपतात आणि शेंगदाणे पचायलाही जड. केळं किंवा बिया काढून ठेवलेले खजूर सगळ्यात सुटसुटीत.

पोटऱ्यांत गोळे यायचे ते कमी झाले, पण सगळं श्रेय मिठाला देणार नाही. थकलेल्या स्नायूलाही गोळा येतो आणि याच महिन्यांत मी जिमलाही जात होतो. मॅग्नेशियमने मला तरी फरक पडला नाही. पोट तेवढं सैल झालं. परदेशी खेळाडू पितात ते काकडीच्या लोणच्याचं पाणी व्हिनेगर आणि मिठाचं असतं. आपल्या कैरीच्या लोणच्याचा तेलकट खार प्यायला निघालेला एक मित्र मी वेळीच थांबवला.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ग्रॅम घेतलं, सुरुवातीचा जादा डोस टाळला. पहिल्या काही आठवड्यांत वजन किलोभर वाढलं. ते स्नायूंतल्या पाण्याचं, घाबरायचं कारण नाही. स्क्वॉटचे आकडे नक्की वाढले. कोर्टवर, तिसऱ्या सेटमध्ये ड्रॉप शॉटवर झेपावताना पाय अजून शिल्लक असल्यासारखे वाटतात, पण ते क्रिएटिनचं की जिमचं, हे वेगळं काढता येत नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला मोजतात ते) थोडं वर दिसू शकतं, तेव्हा आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. किडनीचा काही त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबाच उघडू नका. फ्लेवरचे, महागडे प्रकार घेऊ नका, साधी पांढरी पूड पुरते.

बीसीएए म्हणजे रंगीत सरबत. तीच अमिनो आम्लं व्हेमध्ये, दुधात, अंड्यात असतातच. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या वर्गवारीतही ते पुरेशा पुराव्याअभावी 'सी' गटात आहे. डबा अर्धा संपलाय, पुढचा आणणार नाही. व्हे शाकाहारी माणसाला सोयीचं. ज्या दिवशी पनीर, डाळ, दही नीट खाल्लं त्या दिवशी मी घेत नाही. कॉफी मॅचच्या तासभर आधी एक कप. संध्याकाळी सामना असेल तर तीही नको, झोपेचं खोबरं होतं.

स्पर्धा खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी मात्र वेगळं सांगायला हवं. टेनिसपटू सिमोना हालेप 2022 च्या यूएस ओपनमध्ये रॉक्साडुस्टॅट या बंदी असलेल्या औषधासाठी पॉझिटिव्ह आली. आधी चार वर्षांची बंदी बसली. क्रीडा लवादाने 2024 मध्ये दूषित सप्लिमेंटचं कारण ग्राह्य धरून ती नऊ महिन्यांवर आणली, पण तोवर दीड वर्ष ती कोर्टबाहेरच होती. वकिलांची फौज परवडणाऱ्या माजी नंबर एकची ही गत. लेबलवर न लिहिलेला घटकही खेळाडूच्याच अंगाशी येतो. बॅच तपासून 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'चा शिक्का मिळालेलं उत्पादनच घ्या. कुठलं औषध चालतं ते बघायला नाडाचं (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं) 'नो युवर मेडिसिन' अ‍ॅप आहे. जिममधल्या दादाने सुट्या पिशवीत दिलेली पूड, ती कितीही 'ओरिजिनल' असो, मुलाच्या बाटलीत जाऊ देऊ नका.