जाळीवरचा पाऊस : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या नाटकात मलप्रभेला पूर आलेल्या रात्रीचा सात मिनिटांचा एक प्रवेश आहे. गेल्या नोव्हेंबरपासून जूनपर्यंत बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात झालेल्या नऊ प्रयोगांत हा पाऊस आम्ही प्रोजेक्टरने पाडला. सामान मोजकेच होते : 4,000 लुमेनचा प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि पात्रांच्या पुढे, रंगमंचाच्या दर्शनी भागात सोडलेली मच्छरदाणीच्या कापडाची जाळी. बंदिस्त नाट्यगृहात या व्यवस्थेने आम्हांला उत्तम साथ दिली; उघड्यावरच्या प्रयोगांत ती अपुरी पडली. दोन्हींची कारणे सविस्तर लिहीत आहे, कारण 2019 च्या ऑगस्टमधला पूर डोळ्यांनी पाहिलेल्या आमच्या भागातील प्रेक्षकांसमोर खोटा पाऊस क्षणभरही टिकत नाही.

आधी चित्रणाविषयी. तयार मिळणाऱ्या पावसाच्या चित्रफिती आम्ही पाहिल्या, पण त्यांतील पाऊस सरळ रेषेत, एकाच जाडीचा आणि एकाच वेगाचा होता. जांबोटीकडचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, मधेच विरळ होतो आणि पुन्हा झोडपतो. म्हणून गेल्या ऑगस्टमध्ये खानापूर तालुक्यातील एका घराच्या पडवीत कॅमेरा लावून रात्री खरा पाऊस चित्रित केला. मागे काळे कापड ताणले आणि बॅटरीचा झोत बाजूने, किंचित मागून टाकला. समोरून उजेड टाकला की थेंब जवळजवळ दिसतच नाहीत. मागून टाकला की प्रत्येक थेंबाची चकाकती रेघ उमटते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने खाली येतो. आमच्या चित्रचौकटीत जेमतेम दोन मीटर उंचीचा पाऊस मावला होता आणि जाळीवर तो पावणेचार मीटर उंच होत होता, त्यामुळे त्याचा वेगही जवळपास दुप्पट दिसत होता. सेकंदाला 50 चौकटींनी केलेले चित्रण 25 चौकटींनी दाखवल्यावर तो ताळ्यावर आला. सुरुवातीला आम्ही वीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत होतो, परंतु वाऱ्याचा तोच झोका तिसऱ्यांदा आला की प्रेक्षकांच्या ते लक्षात येत असे. त्यामुळे पुढे सातही मिनिटांची सलग फीत तयार केली.

जाळीचा रंग ठरवण्यात आमचे दोन प्रयोग गेले. पांढरी जाळी थेंब छान पकडते, पण पात्रांवरचा थोडासा प्रकाश तिच्यावर सांडला तरी ती धुक्यासारखी उजळून पात्रांना झाकून टाकते. काळ्या जाळीवर पाऊस फारच फिका उमटतो. शेवटी शहापूरच्या कापडपेठेत राखाडी जाळी मिळाली आणि प्रश्न सुटला. कापड शक्य तितके मोठ्या पन्ह्याचे घ्यावे, कारण जोडाची शिवण पावसाच्या मधोमध उभी रेघ होऊन दिसते. जाळी घडी घालून ठेवू नये. आम्ही ती प्लास्टिकच्या पाइपावर गुंडाळून नेतो आणि तोच पाइप खालच्या नेफ्यात ओवून वजन म्हणून वापरतो. हे कापड उष्णतेने वितळते, म्हणून हॅलोजनचे दिवे त्यापासून लांबच ठेवावेत.

या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आम्हांला तालमीत अनपेक्षितपणे सापडली. जाळी प्रोजेक्टरचा सगळा प्रकाश अडवत नाही; बराचसा प्रकाश भोकांतून पलीकडे जाऊन मागच्या पडद्यावर पडतो. त्या दिवशी मागे नेहमीच्या काळ्याऐवजी करडा पडदा होता. जाळीवर एक पाऊस आणि मागे त्याहून मोठा, मंद असा दुसरा पाऊस, असे दोन थर दिसू लागले आणि मधे उभी असलेली पात्रे खरोखर पावसात सापडल्यासारखी वाटली. विंगेत केबल गुंडाळत बसलेले आमचे कन्नड भाषक वायरमन वर पाहून म्हणाले, “मळे बंतु!” (पाऊस आला!) तेव्हापासून मागचा पडदा करडाच ठेवतो. समोरच्या पट्ट्यातून पात्रांवर प्रकाश टाकत नाही. दोन्ही विंगांतून, गुडघ्याच्या आणि डोक्याच्या उंचीवरून टाकतो. प्रोजेक्टर सज्जातून, उंचावरून लावल्यास जाळीतून निसटलेल्या प्रकाशाचा काही भाग जमिनीवरही पडतो आणि अंगण ओले झाल्यासारखे दिसते.

प्रोजेक्टरविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या प्रयोगासाठी भाड्याने आणलेला प्रोजेक्टर एका चिपचा, फिरत्या रंगचक्राचा होता. काळ्यावर धावणाऱ्या पांढऱ्या बारीक रेघांना त्यात लाल-निळ्या कडा दिसत. पावसासारख्या दृश्यात हा दोष सर्वांत जास्त जाणवतो. नंतर तीन पॅनेलचा एलसीडी प्रोजेक्टर घेतला. तो दोष गेला, पण त्याचा काळा रंग पुरता काळा नसल्याने पाऊस सुरू होण्यापूर्वीच जाळीवर राखाडी चौकोन दिसू लागला. त्यावर उपाय म्हणून भिंगापुढे वीतभर अंतरावर पुठ्ठ्याची झडप दोरीने बांधली आहे. प्रवेश सुरू होताना आधी पावसाचा आवाज येतो, पात्र आकाशाकडे पाहते आणि मग झडप हळूहळू वर जाते. बटण दाबून सुरू केलेल्या पावसाला ही सर येत नाही. भिंगाचे गुणोत्तर (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असल्याने सहा मीटर रुंद चित्रासाठी नऊ मीटर अंतर लागते. जागा आधी टेपने मोजून घ्यावी. चित्र तिरपे आल्यास प्रोजेक्टरमधील दुरुस्तीवर विसंबू नये, कारण तशी दुरुस्ती केल्यावर चित्राभोवती पुसट पट्टे उरतात.

यात्रेतील चार प्रयोगांपैकी दोन ठिकाणी पाऊस दिसलाच नाही, असे म्हणावे लागेल. सहा मीटर रुंद चित्रावर पसरल्यावर 4,000 लुमेनचा जेमतेम 180 लक्स (दर चौरस मीटरला 180 लुमेन) उजेड होतो, त्यातलाही थोडाच जाळीवर थांबतो. दुकानांचे आणि पाळण्याचे दिवे समोर असताना तो तग धरू शकत नाही. एका गावी जनरेटरचा दाब उतरून प्रोजेक्टर मध्येच बंद पडला. तेव्हापासून यूपीएस बरोबर नेतो. वारा सुटला की जाळीला पोट येते आणि सगळा पाऊस लाटेसारखा हलतो. अशा ठिकाणी आता जाळी लावत नाही. केवळ पत्र्यावरच्या पावसाचा आवाज, विंगेतून थरथरता निळसर प्रकाश आणि विंगेत केसांवर पाण्याचा फवारा मारून आलेले पात्र, एवढ्यावर प्रवेश करतो आणि तो चांगला होतो.

आठ महिन्यांत जाळीला खालच्या बाजूने तीन ठिकाणी भोके पडली. ती राखाडी दोऱ्याने रफू केली आहेत आणि समोरून दिसत नाहीत. येत्या पावसाळ्यात कणकुंबीकडे जाऊन धुके मिसळलेला पाऊस चित्रित करायचा आहे, कारण आमच्या फितीत अजून तेवढीच एक गोष्ट कमी आहे.