८६ हजार किलोमीटरची नोंद कुठे गेली? नाशिकमध्ये पाहिलेल्या एका जुन्या स्कॉर्पिओविषयी

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या मळ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात लहान गाडी जात नाही आणि गुडघेदुखीमुळे वडिलांना आता खाली वाकून गाडीत बसणे जमत नाही. त्यामुळे साडेसहा लाखांच्या आत जुनी, उंच बैठकीची डिझेल गाडी घ्यावी असे घरात ठरले. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या एका विक्रेत्याकडे २०१६ सालची, एमएच-१५ पासिंगची पांढरी स्कॉर्पिओ उभी होती. मीटरवर १,८६,४०० किलोमीटर होते आणि मागणी ६,४०,००० रुपयांची होती. ही गाडी घ्यावी की सोडावी, हे ठरवण्यासाठी आम्ही दहा दिवस घेतले. त्या दहा दिवसांत जे पाहिले, ते अशाच गाडीचा विचार करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

रनिंगचा आकडा ऐकूनच माघार घ्यावी, असे मला वाटत नाही. २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होत आली आहे. इथे तिचे सुटे भाग आणि तिचे इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्री सहज मिळतात, आणि २,१७९ सीसीचे तिचे एमहॉक डिझेल इंजिन वेळच्या वेळी ऑइल मिळाले तर दोन लाखांच्या पुढेही नीट चालते. शिवाय किलोमीटर कुठे झाले यालाही महत्त्व आहे. महामार्गावर एका लयीत चाललेल्या गाडीचे क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स, रोज द्वारका आणि मुंबई नाक्याच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या गाडीपेक्षा कमी झिजतात. म्हणून १,८६,४०० हा आकडा मी केवळ आकडा म्हणून स्वीकारला आणि देखभालीचा पुरावा मागितला.

खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. विक्रेत्याने दोन महिन्यांपूर्वीचे एकच बिल दाखवले. १,८२,००० किलोमीटरला केलेल्या कामाचे ते बिल होते आणि त्यावर ‘ऑइल, फिल्टर, वॉशिंग’ एवढेच शब्द होते. कोणत्या ग्रेडचे ऑइल, किती लिटर, कोणता फिल्टर, याचा उल्लेख नव्हता. गाडीच्या मालकाची संमती घेऊन आम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चासी क्रमांकावरून जुन्या नोंदी काढून घेतल्या. त्यांत २०१६ ते २०२० या काळात साधारण दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग झाल्याचे दिसले, आणि शेवटची नोंद ९६,००० किलोमीटरची होती. आरसी पाहिली तेव्हा उलगडा झाला, कारण गाडी दुसऱ्या मालकाच्या नावावर झाली तीही २०२० मध्येच. म्हणजे पहिल्या मालकाने गाडी जपली होती, आणि दुसऱ्या मालकाकडच्या ८६ हजार किलोमीटरांत आठ वेळा बदलायला हवे असलेले ऑइल एकदा तरी बदलले होते की नाही, हे सांगणारा एकही कागद नव्हता.

वॉरंटी संपल्यावर लोक ओळखीच्या गॅरेजमध्ये जातात, त्यात वावगे काही नाही. आमच्या घरची गाडीही बाहेरच्याच मिस्त्रीकडे असते. परंतु गाडी जपणाऱ्या माणसाकडे काहीतरी खूण उरते: डॅशबोर्डच्या कप्प्यात वही असते, मोबाइलमध्ये बिलाचे फोटो असतात, निदान गॅरेजचे नाव तरी सांगता येते. इथे मालकाला गॅरेजचे नावही नीट आठवत नव्हते.

ऑइलवर मी एवढा भर देतो, त्याला कारण आहे. या इंजिनाच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या भागाचा, दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि तो ऑइलच्या अगदी पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल जुने होऊन दाट झाले, त्यात काजळी साठली की पहिला मार त्या दांड्याच्या बेअरिंगला बसतो. इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांचा मेळ राखायला या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ‘चेन आहे, काही बघायला नको’ असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. पण चेनलाही वंगण लागते, आणि ते खराब झाले की चेन हळूहळू ताणून सैल पडते. जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर इंजिनात बेल्ट असतो, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलला की काळजी मिटते. चेनची मात्र अशी ठरलेली मुदत नसते, म्हणून तिची प्रकृती ऑइलच्या इतिहासावरूनच ओळखावी लागते, आणि इथे तो इतिहासच गायब होता.

पहिल्या भेटीत आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट कोमट लागत होते. गाडी आधीच सुरू करून ठेवली होती आणि आवाज सुरेख येत होता. थंड इंजिन सुरू करताना जे कळते ते तापलेले इंजिन लपवते, हे ठाऊक असल्याने ‘उद्या सकाळी सातला येतो, त्याआधी चावी फिरवू नका’ असे सांगून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना सोबत नेले. त्यांना आम्ही काका म्हणतो, आणि डिझेल गाड्यांच्या कामात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. चावी फिरवताच इंजिनाच्या पुढच्या बाजूने तीन-चार सेकंद खडखड आली आणि मग थांबली. ही सैल पडलेल्या चेनची खूण असू शकते. काकांनी ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूवर बोट फिरवले, तर डांबरासारखा काळा थर बोटाला लागला. दोन महिन्यांपूर्वी ऑइल बदललेल्या इंजिनात असा थर सापडतो, याचा अर्थ तो फार आधीपासून साठत आला होता. इंजिन चालू असताना त्याच तोंडातून धूर झटक्याझटक्याने बाहेर येत होता. ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय, दादा,’ एवढेच काका हळू आवाजात म्हणाले. पिस्टनच्या रिंगा झिजल्याने ज्वलनाचा वायू खाली उतरू लागला की असे होते. कूलंटच्या बाटलीत हिरव्या किंवा गुलाबी द्रवाऐवजी गंजाच्या रंगाचे साधे पाणी होते.

पाथर्डी फाट्यावरून वाडीवऱ्हेपर्यंत आम्ही गाडी चालवली. तिचा दम अजूनही कौतुकास्पद आहे, चौथ्या गिअरवर ती चढ आरामात घेते आणि ताशी ९० किलोमीटरला स्टीअरिंग सरळ राहते. मात्र उतारावर पाय काढून पुन्हा दाबला की आरशात निळसर धूर दिसत होता, म्हणजे ऑइल जळत होते. क्लच फारच वर धरत होता आणि गतिरोधकावर पुढच्या डाव्या बाजूने बुशचा आवाज येत होता. हे सगळे दोष मॉडेलचे नाहीत, दुर्लक्षाचे आहेत, कारण काका याच इंजिनाच्या सव्वादोन लाख पळालेल्या निरोगी गाड्याही सांभाळतात.

मीटर मागे फिरवले असेल का, अशी शंका होती. पेडलचे रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड आणि स्टीअरिंगची झीज आकड्याशी जुळत होती, त्यामुळे तसे ठामपणे म्हणता येणार नाही. मधल्या आणि मागच्या सीटा मात्र खूप खचलेल्या होत्या व मागच्या दारांची बिजागरे सैल होती, म्हणजे गाडीत बरेच प्रवासी वाहिले गेले असावेत. टायरच्या कडेवरील चार अंकी खुणेत पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. चारपैकी तीन टायर २०१८ चे निघाले. विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य होता आणि उजव्या फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा होत्या, म्हणजे गाडी कुठेतरी ठोकली जाऊन विम्याचा दावा घेतला गेला असावा.

कागदपत्रे तुलनेने स्वच्छ होती. बँकेचा बोजा उतरलेला होता, थकीत ई-चलन नव्हते आणि नोंदणी २०३१ पर्यंत वैध होती. व्यवहार झाल्यास गाडी नव्या मालकाच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच वेळी घ्याव्यात, ३० दिवसांत नाव लावण्यासाठी अर्ज करावा आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, कारण मध्यंतरी अपघात झाला तर त्रास मोठा होतो.

काकांचा हिशेब असा होता: सर्व द्रव, फिल्टर आणि इंजिन फ्लशिंगसाठी १५ हजार, चेन किट मजुरीसह ३०, टर्बो ४०, क्लच २०, सस्पेन्शन २० आणि चार टायर ४०, म्हणजे एकूण १,६५,०००. रिंगांसाठी इंजिन उघडावे लागले तर त्यावर आणखी लाखभर. जे काम झाल्याचा पुरावा नाही ते झालेलेच नाही, असे धरून मी ४,७५,००० रुपये देऊ केले. विक्रेते ६,१०,००० च्या खाली आले नाहीत, आणि आम्ही गाडी सोडली. स्वतःचे गॅरेज असलेल्या माणसाने साडेचारच्या आसपास ती घेतली तर त्याला ती परवडेल. रात्री-अपरात्री वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी ज्याला गाडी हवी, त्याने मात्र ती घेऊ नये.

विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या भेटीत त्यांनी तपासणीत कुठेही अडथळा आणला नाही, आणि ११,००० रुपयांचे टोकन चौथ्या दिवशी यूपीआयवर परत केले. टोकन मी भरले तेव्हाच पावतीवर ‘तपासणी समाधानकारक न वाटल्यास टोकन पूर्ण परत’ असे मी त्यांच्याकडून लिहून, सही करून घेतले होते.