संथ लयीचा बँड ‘लो’ : बेळगावकर श्रोत्याची शिफारस

‘लो’ या अमेरिकन बँडचे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ध्वनिमुद्रणाचा वेग कुणीतरी कमी करून ठेवला आहे की काय, अशी शंका येते. मिनेसोटा राज्यात लेक सुपीरियरच्या काठी वसलेल्या डुलूथ या शहरात, १९९३ साली, ॲलन स्पारहॉक आणि मिमी पार्कर या दांपत्याने हा बँड सुरू केला. गिटार ॲलनकडे, ड्रम मिमीकडे आणि गायन दोघांकडे, ही रचना शेवटपर्यंत टिकली. बेस गिटार वाजवणारे मात्र बदलत गेले. ग्रंज या गोंगाटी रॉक प्रकाराचा कर्कश जोर ऐन भरात असताना या मंडळींनी नेमकी उलटी वाट धरली. क्लबमधले श्रोते लक्ष देईनासे झाले, तर आवाज वाढवण्याऐवजी ते तो आणखी खाली आणत.

मिमी पार्करचे वादन हे या संगीताचे खरे मर्म आहे. ती उभी राहून वाजवीत असे, समोर मोजकीच एक-दोन वाद्ये आणि एक झांज, हातात बहुधा काड्यांऐवजी ब्रश. दोन आघातांमधले अंतर इतके मोठे असते की, पुढचा आघात नेमका कुठे पडणार हे ठाऊक असूनही कान त्याची वाट पाहत राहतात. ही ओढ आपल्या भागातील श्रोत्यांना नवी नाही. कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल आणि गदगचे भीमसेन जोशी यांच्या किराणा गायकीवर ज्यांचे कान घडले, त्यांना विलंबित, म्हणजे संथ, एकतालात समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहण्यातले सुख माहीत आहे. फरक आहे तो पुढे. ख्यालात विलंबितानंतर द्रुत, म्हणजे जलद लय येते आणि साठवलेला ताण मोकळा होतो. ‘लो’ची सुरुवातीची गाणी तशी सुटका सहसा देतच नाहीत. ती जिथे सुरू होतात त्याच लयीत संपतात, आणि हे पेलायला वादकाच्या अंगी विलक्षण संयम लागतो. आपल्याकडे गिटार शिकणारी मुले बोटांच्या वेगामागे धावतात. त्यांनी इतक्या संथ लयीत चार मिनिटे न घसरता वाजवून पाहावे.

दुसरे बलस्थान म्हणजे दोघांचे आवाज. ॲलनचा आवाज किंचित कोरडा आणि अस्वस्थ, तर मिमीचा स्वच्छ, कंपनरहित आणि भावनेचे कोणतेही प्रदर्शन न करणारा. हे दोन सूर एकमेकांना लागून चालतात तेव्हा शब्द अगदी थोडे असूनही गाणे रिकामे वाटत नाही. या प्रकाराला समीक्षकांनी ‘स्लोकोर’ असे नाव दिले, जे बँडला मुळीच आवडत नसे. माझ्या मते ती नाराजी रास्त होती, कारण त्या शिक्क्यामुळे वेगाची चर्चा होते आणि गायन मागे पडते.

१९९४ चा पहिला अल्बम ‘आय कुड लिव्ह इन होप’ क्रेमर या निर्मात्याने घुमारेदार ध्वनीत बांधला. त्यातील अकराही गाण्यांची शीर्षके एकशब्दी आहेत आणि एक गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे आहे. अल्बम सुंदर असला तरी उत्तरार्धात तो एकसुरी होतो, हे चाहत्यानेही मान्य करावे. त्या मानाने २००१ चा ‘थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर’ अधिक परिपूर्ण आहे. स्टीव्ह अल्बिनी यांच्या ध्वनिमुद्रणात घुमारा कमी आणि वाद्यांची जवळीक जास्त आहे. गाण्यांना घाट आहे, काही ठिकाणी तंतुवाद्येही आहेत. नंतरच्या काळात बँडने गिटारचा जोर वाढवला. त्या टप्प्यातले सगळेच मला भावत नाही, परंतु २०१८ चा ‘डबल निगेटिव्ह’ वगळून चालणार नाही. त्यात बी. जे. बर्टन या निर्मात्यासोबत त्यांनी स्वतःचाच आवाज फाटलेल्या, खरखरणाऱ्या ध्वनीखाली गाडला, आणि त्या खरखरीतून मिमीचा सूर वर येतो तेव्हा पंचवीस वर्षांच्या सांगीतिक शिस्तीची किंमत कळते. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी अंडाशयाच्या कर्करोगाने मिमीचे निधन झाले. ॲलन त्यानंतर स्वतःच्या नावाने गात आहे.

हे संगीत मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नये. बेस गिटार आणि ब्रशचा स्पर्श त्यात पूर्णपणे हरवतो. साधा, पण कान झाकणारा हेडफोन पुरेसा आहे, आयात केलेल्या महागड्या रेकॉर्डची गरज नाही. बेळगावचा लांबलेला पावसाळा याला फार मानवतो. गणेश विसर्जनाच्या दिवशी मात्र प्रयत्नही करू नये. नवख्याने २००१ च्या अल्बमपासून सुरुवात करावी, मग १९९४ कडे मागे जावे आणि ‘डबल निगेटिव्ह’ सर्वांत शेवटी ऐकावा. तो आधी ऐकला, तर हेडफोनच बिघडला आहे असे वाटण्याची शक्यता आहे.