काढून टाकलेल्या गर्भाशयाचा रिपोर्ट आणि गेलेले १,१४,४०० रुपये

आईचा मधुमेह 'चक्रशुद्धी'नं घालवतो म्हणणाऱ्या एका माणसाच्या नादानं आमचे किती पैसे गेले, ती रक्कम आधीच सांगते, म्हणजे "थोडेफार गेले असतील" असं कुणी म्हणायला नको. मशीनच्या तपासणीचे ५००. पाय टबात बुडवून 'विष काढण्या'च्या दहा बैठकांचे १२,०००. गळ्यातल्या पेंडंटचे ४,५००. चूर्णाचा डबा २,८५० चा, असे चार डबे, म्हणजे ११,४००. निवासी चक्रशुद्धी शिबिराचे ३५,०००. आणि 'वैयक्तिक दीक्षे'चे ५१,०००. एकूण १,१४,४००. यातली पावती फक्त पहिल्या ५०० ची आहे. पुढे आईच्या पायाचं बोट काढावं लागलं, त्या हॉस्पिटलचं बिल १,३८,६०० झालं. ते यात धरलेलं नाही.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. दामदुप्पट, साखळी योजना, केवायसीचे फोन, हे सगळं तुमच्याइतकंच मलाही ठाऊक आहे. रोज काउंटरवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मीच सावध करते. पण हे त्या वाटेनं आलंच नाही. हे भजनी मंडळातून आलं. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या काकूंनी आईला हाताला धरून नेलं. मंदिराचा सभामंडप, सुरुवातीला ओंकार, मग प्राणायाम, मग हरिपाठ. कुर्त्यातला तो माणूस प्रत्येक बाईला 'माऊली' म्हणून वाकून नमस्कार करत होता. आई माळकरी, पायी वारी केलेली. तिच्यासमोर त्यानं ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला आणि कुंडलिनी सांगितली. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं वर्णन आहे, हे खरंच आहे. म्हणूनच त्याला लागून आलेलं वाक्यसुद्धा खरं वाटलं: "मणिपूर चक्र म्हणजेच स्वादुपिंड. ते अडलं की साखर होते, मोकळं केलं की साखर जाते." हे त्या अध्यायात कुठेही नाही. चक्रांना शरीरातल्या ग्रंथींशी जोडणं आणि त्यांना इंद्रधनुष्याचे सात रंग देणं, हा विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य लेखकांनी रूढ केलेला प्रकार आहे. हे मी आता वाचलं. तिथे बसलेल्या बायकांना ते कुणी सांगणार होतं?

आम्हाला भोळसट म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. आईच्या पायांची आग व्हायची, रात्र रात्र झोप नसायची. डॉक्टरांकडे दोन तास रांगेत बसल्यावर नंबर लागायचा, "साखर कंट्रोलमध्ये ठेवा" म्हणून कागद हातात यायचा. इथे एका बाईनं तिचे पाय मांडीवर घेतले आणि तासभर ऐकून घेतलं. आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना यानं काय वाटतं, ते ज्याच्या घरात दुखणं आहे त्यालाच कळेल.

आता ते मशीन. लॅपटॉपला जोडलेली एक दांडी हातात धरायची, मिनिटभर हलायचं नाही. आधी नाव, वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हे भरून घेतात. ते भरल्याशिवाय मशीन पुढे जातच नाही. मग हृदय, यकृत, हाडं, त्वचा, सगळ्याचे आकडे छापून येतात. नावात 'क्वांटम' आणि 'मॅग्नेटिक' हे शब्द असतात. लक्षात ठेवा, रक्ताचा थेंब न घेता नुसत्या मुठीतल्या दांडीवरून स्वादुपिंडाचं काम मोजणारं यंत्र जगात नाही.

तो रिपोर्ट अजून माझ्याकडे आहे. वरती निळी पट्टी, खाली तक्ता: अवयव, सामान्य श्रेणी, प्रत्यक्ष मोजमाप, निष्कर्ष. निष्कर्षाच्या रकान्यात हिरवे, पिवळे, लाल ठिपके. स्त्रीरोगाच्या पानावर तिसऱ्या ओळीत 'गर्भाशय', पुढे पिवळा ठिपका आणि 'सौम्य असंतुलन'. आईचं गर्भाशय २०११ साली गाठींमुळे काढलेलं आहे. पोटावर टाक्यांची खूण आहे. आई तिथल्या तिथे म्हणाली, "अहो, माझी पिशवी तर काढलीय."

तो क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "माऊली, डॉक्टरांनी काढली ती स्थूल देहातली. सूक्ष्म देहातली कोण काढणार? ती अजून रडतेय, तेच मशीननं पकडलं." आणि आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकी वर्षं त्या ऑपरेशनबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. तिनं हात जोडले. मी शेजारी उभी होते, कागद माझ्याच हातात होता.

तो एक क्षण डोक्यातून जात नाही. सगळा खेळ तिथे उघडा पडला होता. मशीननं पोटात नसलेला अवयव मोजून दाखवला होता, आणि त्या माणसाकडे त्याचं उत्तर आधीपासून तयार होतं. म्हणजे हा प्रश्न त्याला आमच्या आधीही कुणीतरी विचारलेला होता. मी काही बोलले नाही, कारण आई रडत होती आणि भोवतीच्या साऱ्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्या घोळक्यात "हे खोटं आहे" म्हणायचं म्हणजे आईच्या दुःखाला खोटं म्हणायचं. असं कुणालाही बोलता आलं नसतं. तो माणूस हे ओळखून होता. त्याची सगळी कमाई याच्यावरच चालते. मशीनबद्दल विचारलं की तो अध्यात्म सांगतो, अध्यात्माबद्दल विचारलं की विज्ञान सांगतो, आणि दोन्हीकडे अडलं की तुमची श्रद्धा कमी पडली.

शंका आली की चारचौघांत विचारू नका, आधी तिथून उठा. पेशंटला घेऊन बाहेर या. उत्तर घरी शोधा.

टबाचं सांगते, कारण बोट तिथे गेलं. कोमट पाण्यात मीठ टाकतात, मधे एक धातूचं यंत्र सोडतात, करंट लावतात. थोड्या वेळात पाणी तपकिरी होतं, वर फेस आणि खाली गाळ. "बघा, चाळीस वर्षांचं विष बाहेर आलं." माझा भाचा डिप्लोमाला आहे. त्यानं नंतर घरी मिठाच्या पाण्यात दोन लोखंडी खिळे सोडून बारा व्होल्टचा अडॅप्टर जोडला. पाय कुणाचेच नव्हते. पाणी तसंच तपकिरी झालं, तसाच गाळ बसला. तो खिळ्यांचा गंज होता. हे आधी केलं असतं तर १२,००० वाचले असते, पण खरा तोटा पैशाचा नाही. एका बैठकीला पाणी जास्त गरम होतं. साखरेमुळे आईच्या पायांची संवेदना गेलेली, तिला चटका कळलाच नाही. करंगळीशेजारी फोड आला. मधुमेह असलेल्या माणसाचे पाय गरम पाण्यात घालायचे नसतात, हे तिथल्या एकाही 'थेरपिस्ट'ला माहीत नव्हतं. तुमच्या घरी साखरेचं माणूस असेल तर रोज रात्री त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या स्वतः बघा.

गोळ्या बंद करा असं त्यांनी कधीच लिहून दिलं नाही. तोंडी सांगायचे, "रासायनिक गोळ्यांची स्पंदनं साधनेला आडवी येतात." व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र "वैद्यकीय सल्ल्यानेच निर्णय घ्यावा" असा मेसेज. शिबिराच्या आदल्या दिवशी एका फॉर्मवर सही: 'मी स्वखुशीने येत आहे, परिणामांची हमी नाही.' आईनं गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.६ टक्क्यांची ११.८ झाली. आम्ही घाबरून फोन केला तर म्हणाले की अभिनंदन, शरीर जुनं विष बाहेर टाकतंय, आता माघार घेऊ नका, दीक्षा घ्या. ते ५१,००० त्याच आठवड्यात गेले. तब्येत बिघडली की "हा शुद्धीचाच भाग आहे" असं जो म्हणेल, त्याला त्या दिवशी एक रुपया देऊ नका. पेशंटला थेट दवाखान्यात न्या.

पेंडंटमध्ये 'स्केलर ऊर्जा' असल्याचं सांगितलं होतं. असल्या ऊर्जेच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही पेंडंटमध्ये किरणोत्सारी खनिज असतं. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा यंत्रणेनं डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबद्दल जाहीर इशारा दिला होता. आमच्या पेंडंटमध्ये काय आहे ते तपासून द्यायला कुणी तयार नाही. पत्र्याच्या डब्यात घालून परसात ठेवलंय.

आणि आता ज्यांनी हे थांबवायचं ते.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "पैसे तुम्हीच दिलेत ना? कुणी बंदूक लावली होती का?" दुसरं: "फॉर्मवर सही तुमच्या आईचीच आहे." मी जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ चा प्रिंटआउट काढून नेला होता. साहेब म्हणाले, "यात नरबळी कुठाय?" त्या कायद्याच्या अनुसूचीतलं दुसरंच कलम तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं याबद्दल आहे. पुढे एक कलम कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखण्याबद्दलही आहे. मधुमेहाचा उल्लेख त्यात नाही, आणि साहेबांनी नेमकं तेच धरून ठेवलं. चमत्काराच्या कलमावर बोट ठेवलं तर म्हणाले, "मशीन आहे ना? मशीन म्हणजे चमत्कार कसा?" ज्यानं आम्हाला मशीन म्हणजे सूक्ष्म देह सांगितला, त्याची बाजू साहेबांनी विज्ञान म्हणून मांडली. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला टाळाटाळ केली. पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवता येतं. हे मला ठाण्यातल्या कुणी सांगितलं नाही.

मग औषधांचं काम बघणारी कचेरी. १९५४ चा औषधे आणि जादूई उपचार कायदा सांगतो की त्याच्या यादीतले ५४ रोग बरे करतो अशी जाहिरात करायची नाही, आणि त्या यादीत मधुमेह आहे. आमच्याकडे त्यांचं छापील पत्रक होतं: 'साखर कायमची मुळापासून'. औषधाच्या टेबलावरच्या बाईंनी चूर्णाचा डबा फिरवून बघितला. आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक त्यावर नाही, चौदा आकडी अन्न परवाना आहे. "हे अन्न आहे, पलीकडे जा." पलीकडच्या टेबलावर म्हणाले, "साखर घालवण्याचा दावा आहे ना, मग हे औषध झालं, तिकडे जा." दोन टेबलांमध्ये एक पाण्याचा कूलर होता, एवढंच अंतर. मी तो डबा घेऊन एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिले आणि आई खाली रिक्षात पाय वर घेऊन बसलेली. एकानंही नमुना घेतला नाही. पत्रकाची झेरॉक्स ठेवून घेतली. पुढे विचारायला गेले तर झेरॉक्स सापडत नव्हती आणि त्या बाईंची बदली झालेली होती. नवीन साहेब म्हणाले, "नव्यानं अर्ज करा." जिच्या पायाचं बोट गेलंय तिनं परत पहिल्यापासून सुरुवात करायची! कायदा सत्तर वर्षांचा झाला, आणि तो वाचून दाखवायचं काम आमच्यावर.

डबा घेताना बघा: औषध असेल तर परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. नुसता अन्न परवाना असेल तर तो कुठलाही रोग बरा करतो म्हणणारा खोटं बोलतोय.

वकिलांनी सांगितलेली गोष्ट सगळ्यात जिव्हारी लागली. शिबिराचे आणि दीक्षेचे ८६,००० त्यांनी 'देणगी' म्हणून घेतले. देणगी दिली म्हटलं की तुम्ही ग्राहकच नाही असा वाद ते घालणार. आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते संस्थेचं नव्हतं, एका बाईचं वैयक्तिक खातं होतं. मी दिवसभर खाती बघणारी. पण तो कोड आईच्या फोनवरून स्कॅन झाला, मी कामावर होते. घरच्यांना सांगून ठेवा, पैसे सोडण्याआधी नाव वाचा. ट्रस्ट असेल तर पावतीवर नोंदणी क्रमांक मागा.

तरीही ग्राहक आयोगात तक्रार करायची ठरवलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. टबाचे, चूर्णाचे, पेंडंटचे पैसे कुणी देणगी म्हणू शकत नाही.

काकू आता आमच्याकडे बघत नाहीत. त्यांचेही पैसे गेलेत, पण त्या म्हणतात की आईनं मधेच साधना सोडली म्हणून असं झालं. मी त्यांच्याशी भांडत नाही. अध्यात्माशीही माझं भांडण नाही. इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर असतं, तिथे शिकवण्याची आणि जेवण्याराहण्याची फी घेत नाहीत, आणि शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान घेतात. आई आजही पहाटे हरिपाठ म्हणते, काठी धरून मंदिरात जाते, गोळ्या वेळेवर घेते. ज्यानं तिच्या माळेचा वापर करून तिचं पाकीट उघडलं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

त्याचा बॅनर आता शेजारच्या तालुक्यात लागलाय, नवीन नावानं, मशीन तेच. माझी एकटीची तक्रार फाइलला लागून पडते, चारपाच जण एकदम गेले तर घ्यावी लागेल. तुमच्याकडे असा छापील रिपोर्ट असेल तर फाडू नका. त्यात तुमचा काढून टाकलेला अवयव 'सौम्य असंतुलित' निघाला असेल, पित्ताशय असो, गर्भाशय असो, तर ऑपरेशनचा कागद त्याला जोडून ठेवा आणि मला कळवा. यूपीआयच्या नोंदींचे स्क्रीनशॉट आणि छापील पत्रकसुद्धा हवंय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडण्याआधी सगळं चॅट उतरवून घ्या, कारण तक्रारीची कुणकुण लागली की ते मेसेज पुसतात. आमच्या ग्रुपमधले पुसले.